बोगद्यातली चित्रे टिपताना

रस्त्याखालचा भुयारी मार्ग ही आपल्या लेखी लवकरात लवकर ओलांडून जाण्याची जागा. अंधूक दिवे, ओल धरलेल्या भिंती, कोपऱ्यांत पानाच्या पिचकाऱ्या. पण जगातल्या अनेक शहरांत अशाच भिंतींवर आता चित्रे दिसतात. काही रीतसर परवानगीने काढलेली, काही कुणाला न विचारता रातोरात काढलेली. ही चित्रे फार थोडे दिवस जगतात आणि पुष्कळदा छायाचित्र हीच त्यांची एकमेव खूण मागे उरते. म्हणून ती कशी टिपावीत, याचा थोडा विचार करू.

लंडनचे उदाहरण घ्या. तिथल्या वॉटर्लू स्थानकाखालून लीक स्ट्रीट नावाचा सुमारे ३०० मीटर लांबीचा बोगदा जातो. पॅरिसकडे जाणाऱ्या युरोस्टार गाड्या या स्थानकातून सुटत, तेव्हा टॅक्सींची ये-जा या बोगद्यातून होत असे. नोव्हेंबर २००७ मध्ये युरोस्टार सेंट पँक्रस स्थानकात गेली आणि ही वर्दळ थांबली. मे २००८ मध्ये बँक्सी या टोपणनावाने काम करणाऱ्या चित्रकाराने येथे देशोदेशीच्या चित्रकारांना बोलावून तीन दिवसांचा उत्सव भरवला. नाव ठेवले ‘कॅन्स फेस्टिव्हल’. कान चित्रपट महोत्सवाच्या नावावरची ही कोटी. ‘कॅन’ म्हणजे रंगाच्या फवाऱ्याचा डबा. उत्सव संपला, पण त्या भिंती रंगवण्याची मुभा पुढेही राहिली. आता कुणीही यावे आणि आधीच्या चित्रावर आपले चित्र काढावे, हाच तिथला रिवाज आहे.

त्या उत्सवात बँक्सीने एक बोलके चित्र काढले होते. एक सफाई कामगार पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने भिंत धुतो आहे आणि भिंतीवर आहेत आदिमानवाने काढलेली गुहाचित्रे! गंमत अशी, की हे चित्रही त्याच वर्षी इतर रंगांखाली गेले. आज ते पाहायला मिळते ते छायाचित्रांतच.

न्यूयॉर्कमध्येही हेच झाले. १९७० आणि ८० च्या दशकांत तिथल्या भुयारी रेल्वेचे डबेच्या डबे तरुण मुले रंगवीत. प्रशासन ते धुऊन काढी. मे १९८९ मध्ये रंगवलेली शेवटची गाडी सेवेतून काढली गेली. तरीही ती चित्रे आपल्याला माहीत आहेत, कारण मार्था कूपर आणि हेन्री शालफंट या दोघांनी ती वर्षानुवर्षे टिपली आणि १९८४ मध्ये ‘सबवे आर्ट’ या पुस्तकात छापली.

शालफंट यांची पद्धत आपल्याही उपयोगाची आहे. लांबलचक डबा एका चौकटीत मावत नाही. म्हणून ते समोरच्या फलाटावर उभे राहत आणि पुढे सरकत एकामागून एक छायाचित्रे घेत. मग ती शेजारी शेजारी जोडून अख्खा डबा उभा करीत. भुयारी मार्गात हीच अडचण येते. भिंत लांब, पण मागे सरकायला जागा नाही. अशा वेळी रुंद कोनाचे भिंग लावले, तर कडेची चित्रे ताणल्यासारखी दिसतात. त्यापेक्षा भिंतीला समांतर चालत, कॅमेरा एकाच उंचीवर आणि भिंतीपासून सारख्याच अंतरावर धरून तुकडे टिपावेत. प्रत्येक तुकड्यात आधीच्या तुकड्याचा साधारण तिसरा हिस्सा यायला हवा. पुढे संगणकावर ते नीट जुळतात. मात्र पहिल्या तुकड्याला ठरवलेली प्रकाशाची मोजणी शेवटपर्यंत बदलू नये; नाहीतर जोड लगेच दिसतात.

दुसरी अडचण प्रकाशाची. फ्लॅश वापरण्याचा मोह होतो, पण तैलरंगावर किंवा चकचकीत फरशीवर त्याचा पांढरा डाग पडतो आणि नेमके तिथलेच चित्र हरवते. तिपाई लावून शटर अर्धा-एक सेकंद उघडे ठेवले, की आहे त्या दिव्यांत काम भागते. ट्यूबलाइटचा प्रकाश आपल्याला स्थिर वाटतो, पण आपल्याकडच्या विजेवर तो सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होत असतो. शटरचा वेग फार ठेवला, तर छायाचित्रात गडद-फिके पट्टे उमटू शकतात. हळू शटरने हाही त्रास टळतो. तिपाई नसेल, तर मोबाइल समोरच्या कठड्यावर किंवा खांबाला टेकवून धरावा.

रंगांचेही तसेच. पिवळ्या दिव्याखाली आपला डोळा आपोआप सावरून घेतो. कॅमेऱ्याला ते नेहमी जमतेच असे नाही. निळे आकाश मग हिरवट दिसते. यावर सोपा उपाय म्हणजे पहिल्या छायाचित्रात भिंतीपाशी एक कोरा पांढरा कागद धरणे. तो कागद पांढरा दिसेपर्यंत रंग दुरुस्त केले, की बाकीची छायाचित्रेही त्याच मापाने सुधारता येतात.

पण नुसते चित्र टिपून नोंद पुरी होत नाही. एका छायाचित्रात बोगदा, दिवे आणि जाणारा-येणारा माणूसही यावा. त्याशिवाय चित्र किती मोठे होते, लोक त्याच्या किती जवळून जात, हे कळत नाही. एक छायाचित्र चित्रकाराच्या सहीचे घ्यावे. घरी आल्यावर ठिकाण, तारीख आणि कळले तर चित्रकाराचे नाव लिहून ठेवावे. भुयारी मार्गात कुणी आसऱ्याला राहत असेल, तर ते त्याचे घर समजून आधी विचारावे. नकार आला, तर कॅमेरा खाली घ्यावा.

आणखी एक प्रश्न हक्काचा. भिंत सार्वजनिक असली, तरी चित्र चित्रकाराचे असते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५२ वे कलम सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचे छायाचित्र घेण्याची आणि प्रसिद्ध करण्याची मोकळीक देते. भिंतीवरच्या रंगचित्राचा त्या मोकळिकीत स्पष्ट उल्लेख नाही. म्हणून कॅलेंडर किंवा जाहिरातीसाठी छायाचित्र वापरायचे, तर चित्रकाराला शोधून परवानगी घ्यावी. सहीचे छायाचित्र इथे उपयोगी पडते.

शेवटी, नोंद जपण्याविषयी. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून हाती घेतले आणि पुढची कित्येक वर्षे त्यात घालवली. त्यांतल्या बहुतेक प्रतिकृती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये एकत्र मांडलेल्या असताना १८६६ च्या आगीत जळाल्या. अजिंठ्याची मूळ चित्रे निदान जागेवर होती. आपल्या भुयारी मार्गातल्या चित्रांचे तसे नाही. पुढच्या रंगकामात ती जातील. तेव्हा छायाचित्रांची एक प्रत घरी ठेवा, दुसरी वेगळ्या जागी ठेवा आणि चित्रकार सापडला, तर तिसरी त्याला द्या. आपले चित्र पुसले गेल्यावर त्याच्यापाशीही दुसरे काही उरलेले नसते.