फुटक्या लादीवर नवी जमीन घालताना

ठाण्याच्या खोपट एसटी स्थानकावर गावाकडून उतरणारा माणूस क्वचितच मौजेसाठी उतरतो. कोणाचे दवाखान्याचे काम असते, कोणाचे कचेरीचे, कोणाला लेकीच्या घरचा हालहवाल घ्यायचा असतो. मीही तसाच उतरलो होतो. आमची थोरली बहीण आक्का डोळ्यांच्या औषधपाण्यासाठी लेकाकडे राहायला गेली होती. स्थानकापासून चालत थोड्या अंतरावर भाच्याची तळमजल्यावरची जुनी खोली आहे. तिथे आक्का पडली. रात्री पाणी प्यायला उठली, फुटलेल्या लादीच्या कडेत अंगठा अडकला आणि ती हातावर आपटली. मनगटाचे हाड मोडले. ऐन भाताच्या लावणीत आम्हा सगळ्यांची धावपळ झाली, ती एका लादीमुळे.

वाचकहो, तुमच्याही घरात अशी एखादी लादी असेल. रोज तिच्यावरून आपण पाय उचलून जातो, पाहुण्याला "जरा सांभाळून हं" म्हणतो, आणि दुरुस्ती पुढच्या सुगीवर ढकलतो. जनावराच्या खुराला जखम झाली तर आपण त्याच दिवशी पाहतो, मग घरातल्या म्हातारीच्या पायाचे काय?

भाच्याने ठरवले की जुनी जमीन उखडायची नाही, तिच्यावरच लॅमिनेटच्या पट्ट्या स्वतः घालायच्या. उखडायचे म्हटले की गवंडी आला, मलबा आला, तो टाकायला गाडी आली, शिवाय घर चार दिवस बंद. हल्ली पुष्कळ घरांत हे लॅमिनेट दिसते. गावाकडेही नव्या बांधकामांत कोणी कोणी त्याची चौकशी करतात, म्हणून भाच्याची हकिकत इथे सविस्तर देतो. एकदा त्याची फजिती झाली आणि दुसऱ्यांदा काम साधले. दोन्हींतून शिकण्यासारखे आहे.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. दिसायला सागाची फळी वाटते, पण साग त्यात औषधालाही नसतो. लाकडाचे बारीक तंतू राळेत मिसळून, प्रचंड दाबाखाली घट्ट केलेली ती फळी असते. तिच्यावर लाकडाच्या रेषांचे छापील चित्र आणि त्यावर मेलामाइन राळेचा पारदर्शक थर. झीज होऊ नये म्हणून त्या थरात ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड घालतात. सुताराच्या पॉलिश पेपरवरही याच जातीची पूड असते. आपण टेबलावर चिकटवतो तो सनमायका याच घराण्यातला. जमिनीसाठी ही युक्ती १९७७ साली स्वीडनमधल्या पेरस्टॉर्प कंपनीने काढली. पुढे १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात कडांना अशी खाच देण्यात आली की एक फळी दुसरीत तिरपी घालून दाबली की खट्‌ आवाज होऊन बसते. सरस नको, खिळा नको. घरच्या माणसाला हे काम जमते ते या खाचेमुळेच.

आता हिचा अवगुण. सरकीच्या पेंडीचे पोते पावसात भिजले की कसे फुगते, तशी ही फळी पाण्याने फुगते. आणि एकदा फुगली की वाळवून पूर्ववत होत नाही. वरून थेंब पडला नि लगेच पुसला तर काही बिघडत नाही, वरचा थर टणक असतो. खालून किंवा सांध्यातून पाणी शिरले की मात्र संपले. भाच्याला विकणाऱ्याने सांगितले होते, "पाण्याची काळजी नको." सांगणाऱ्याचे काय जाते!

भाच्याने पहिल्यांदा वैशाखात काम केले. उन्हाळ्यात जमीन कोरडी ठणठणीत दिसत होती. लाद्या झाडून घेतल्या, वर पातळ फोम अंथरला आणि फळ्या भिंतीला घट्ट टेकवून बसवल्या. एका रविवारात खोली झकास दिसू लागली. श्रावण लागला आणि मोरीच्या बाजूच्या फळ्यांच्या कडा वर आल्या. पंधरा दिवसांत मधली जमीन तंबूसारखी उचलली गेली. आक्का म्हणाली, "अरे, आधी एक लादी लागत होती, आता सगळी जमीनच पायाला लागते."

फळ्या काढल्या तेव्हा खालचा प्रकार कळला. मोरीतल्या न्हाणीच्या जोडातून पाणी झिरपून लादीखालच्या थरात पसरत होते. उघड्या लादीवर ते दिसत नव्हते, कारण लादीच्या सांध्यांतून ते हवेत उडून जात होते. वर झाकण पडले आणि ती ओल कोंडली गेली. मधल्या उचललेल्या फळ्यांचे कारण निराळे. दमट हवेत कोरडी फळीसुद्धा थोडी पसरते. भिंतीशी जागाच सोडलेली नव्हती, मग ती जाणार कुठे? वरच.

म्हणून मंडळी, ओल आधी पाहा, आणि ती पावसाळ्यात पाहा. कोकणपट्टीत पावसाचे चार महिने जमिनीच्या पोटात पाणी भरलेले असते. दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे ते माती, चुना, विटा यांतून वर चढते. चैत्र-वैशाखात घेतलेली परीक्षा तळमजल्याच्या घराला उपयोगाची नाही. परीक्षा सोपी आहे. दोन फूट लांबी-रुंदीचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा लादीवर पसरून चारी कडा चिकटपट्टीने हवाबंद करायच्या. एक रात्र नि एक दिवस तसाच ठेवून मग उचलायचा. खालच्या अंगाला पाण्याचे थेंब दिसले किंवा लादी काळपट झाली, तर ओल जमिनीतून येत आहे. थेंब वरच्या अंगाला असतील तर ती खोलीतल्या हवेची दमट. एकाच जागी पाहू नका. मोरीजवळ, बाहेरच्या भिंतीजवळ आणि मधोमध, अशा तीन जागा तरी पाहा. भाच्याने भाद्रपदात पाहिले तेव्हा मोरीकडचा तुकडा ओला निघाला, बाकी दोन कोरडे. न्हाणी दुरुस्त करून घेतली, महिना जाऊ दिला, पुन्हा पाहिले. मगच दिवाळीनंतर त्याने कामाला हात घातला.

तिन्ही तुकडे ओले निघाले तर? तर हा नाद सोडा, असे मी स्पष्ट सांगेन. जुनी लादी नीट बसवून घ्या, नाहीतर पाण्याने न फुगणाऱ्या विनाइलच्या पट्ट्या मिळतात त्यांचा विचार करा. आणि गावाकडच्या सारवलेल्या जमिनीवर तर लॅमिनेट चुकूनही घालू नका. मातीची जमीन श्वास घेते. ती झाकली की खाली ओल आणि ओलीबरोबर वाळवी. लाकडाचे तंतू म्हणजे वाळवीला मेजवानीच.

जुन्या जमिनीची डागडुजी हे खरे काम, फळ्या बसवणे त्यापुढे सोपे. आपल्या जुन्या घरांत शहाबादी फरशी असते, नाहीतर सिमेंटचा कोबा, नाहीतर नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या. या नक्षीच्या लाद्यांना इतिहास आहे. विलायतेहून येणाऱ्या लाद्यांना तोड म्हणून १९२२ साली भारत फ्लोअरिंग्ज हा स्वदेशी कारखाना निघाला आणि उरणला लाद्या होऊ लागल्या. तुमच्या घरात अशा लाद्या चांगल्या स्थितीत असतील तर त्या झाकू नका, घासून-पुसून घ्या. भाच्याच्या खोलीतल्या लाद्या मात्र साध्या होत्या आणि निम्म्या हलत होत्या.

प्रत्येक लादीवर हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहा. भरीव लादीचा आवाज टणक येतो, पोकळ लादी मडक्यासारखी बोलते. पोकळ लादी उचला, खालची भुसभुशीत माती-वाळू काढा आणि सिमेंट-वाळूचा माल भरून ती पुन्हा बसवा. फुटून तुकडे झालेली असेल तर खड्डा मालाने भरून वर सपाट करा. मग गवंड्याची सहा-सात फुटांची सरळ पट्टी जमिनीवर आडवी, उभी, तिरपी फिरवा. पट्टीखाली कुठे ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर ती जागा भरायला हवी. फट मोजायला मुलांच्या कंपासपेटीतली मोजपट्टी पुरते. उंचवटा असेल तर घासून काढा. "फोम सांभाळून घेईल" असे म्हणू नका. खाली पोकळी राहिली की पाय पडेल तिथे फळी लवते, आणि रोज लवून लवून तिची खाच तुटते. नव्या सिमेंटला वाळायला वेळ द्या. एक इंच जाडीला निदान महिनाभर, हा जुना हिशोब धरावा. इथेच माणसाचा धीर सुटतो.

फळ्यांची खोकी काम सुरू करण्याआधी दोन दिवस त्याच खोलीत आडवी ठेवायची, म्हणजे फळ्यांना तिथली हवा मानवते. किती आणायच्या याचे गणित सांगतो. भाच्याला ९ फूट बाय १२ फूट जागा झाकायची होती, म्हणजे १०८ चौरस फूट. कापाकापीला दहा टक्के धरून ११९. एका खोक्यात २० चौरस फूट होते, म्हणून सहा खोकी. खोक्यावर 'एसी' असे लिहून पुढे आकडा असतो, तो झिजेचा दर्जा. घरासाठी एसी-३ पुरे, वर्दळ असेल तर एसी-४.

लादीवर पहिला थर प्लॅस्टिकचा, २०० मायक्रॉन जाडीचा. शेततळ्याचा कागद आपल्याला ठाऊक आहे, हा त्याचा धाकटा भाऊ. दोन पट्टे वीतभर एकावर एक चढवून सांधा चिकटपट्टीने बंद करायचा आणि कडा भिंतीवर थोड्या चढवून ठेवायच्या. त्यावर दोन-तीन मिलिमीटरचा फोम.

पहिली ओळ मांडण्याआधी दोन्ही बाजूंनी मोजा. ९ फूट म्हणजे २७४३ मिलिमीटर. दोन्ही भिंतींशी दहा-दहा मिलिमीटर सोडले की २७२३ उरतात. फळीची रुंदी १९० असेल तर चौदा ओळी पुऱ्या बसून ६३ मिलिमीटरची चिंधी उरते. अशी अरुंद पट्टी शेवटी भिंतीशी बसवणे जिकिरीचे. म्हणून पहिलीच ओळ १२६ मिलिमीटर रुंदीची कापून घ्यावी, म्हणजे शेवटचीही साधारण तेवढीच येते. लांबीतही तेच. १२ फुटांत १२०० मिलिमीटरच्या तीन फळ्या बसून फक्त ३८ मिलिमीटर उरत होते. भाच्याने पहिली फळी अर्धी कापून सुरुवात केली, तेव्हा शेवटचा तुकडा ६३८चा आला. शेजारच्या दोन ओळींतले सांधे निदान एक फूट मागेपुढे हवेत, विटांच्या बांधकामात असतात तसे.

भिंतीशी जागा राहावी म्हणून लाकडी पाचरी लावून ठेवायच्या. खाच बसत नसेल तर फळीवर थेट हातोडी मारायची नाही, मध्ये लाकडी ठोकळा धरून हलके ठोकायचे. जोर लावावा लागत असेल तर खाचेत कचरा अडकला आहे असे समजा. दाराच्या चौकटीशी फळी गोल कापत बसू नका, चौकटीचाच पाय करवतीने फळीच्या जाडीएवढा कापून फळी खाली सरकवा. जमीन सेंटिमीटरभर वर येते, तेव्हा दाराला रंधा मारावा लागेल हेही धरून चाला. शेवटी पाचरी काढायच्या आणि फट स्कर्टिंगने झाकायची. स्कर्टिंग भिंतीला ठोकायचे, फळीला नव्हे. सगळी जमीन सुटी तरंगती राहिली पाहिजे, आणि म्हणूनच दोन समोरासमोरच्या भिंतींना दोन जड लोखंडी कपाटे ठेवून तिला चिमटीत धरू नये. भाड्याच्या खोलीत या सुटेपणाचा फायदा असा की पुढेमागे फळ्या उचलून नेता येतात, खालची लादी मालकाची तशीच राहते. तरी त्याला आधी विचारलेले बरे.

भाचा आणि सूनबाई, दोघांनी मिळून दोन दिवसांत सगळे उरकले. मला म्हणाला, "मामा, तुम्ही फक्त फळ्या हातात द्या." मी दिल्या.

आता जपणूक. बादलीभर पाणी ओतून सणासुदीला जमीन धुण्याची आपली सवय इथे चालत नाही. फडके घट्ट पिळून पुसायचे. पाटा-वरवंटा, कांडण, नारळ फोडणे बाहेर. पावसाळ्यात ओल्या छत्र्या दारातच. सूनबाईंना हे लगेच पटले, आक्काला पटायला वेळ लागला. जमीन धुतल्याशिवाय दिवाळी झाली असे तिला वाटेना.

या खेपेला भाच्याने मोरीपासून दोन फूट जागा जुन्या लादीचीच ठेवली आहे, आणि जिथे फळ्या संपतात तिथे ॲल्युमिनियमची उतरती पट्टी बसवली आहे, पायाला न लागणारी. त्यानंतर एक पावसाळा गेला, कडा जागच्या जागी आहेत. उरलेल्या फळ्या कॉटखाली ठेवल्या आहेत, कधी एखादी बदलावी लागली तर. आक्का पाण्याचा हंडा त्या दोन फुटांतच ठेवते, आणि रात्री उठली की दिवा लावते.