जबडा धरला? आधी रोग ओळखा



उसाचं पान पांढरं-पिवळं पडलं की आपण लगेच म्हणतो, 'केवडा आला'. लोहाची कमतरता असेल तर हिराकसाच्या फवारणीने पान हिरवे होते. पण ती गवताळ वाढ असेल तर फवारणी वाया जाते, बेटच मुळासकट उपटून जाळावे लागते. लक्षण सारखे, रोग वेगळा. जबड्याचेही तसेच आहे.

मागील हंगामात सालेकसा भागात फिरताना एक सभासद भेटले. म्हणाले, "साहेब, जबडा धरला, तोंडच उघडून नाही राहिलं. वात असंन." सहा महिने तेल चोळणे चालू होते. खिशात मात्र खर्ऱ्याची पुडी!

कानापुढे बोट ठेवून तोंड उघडा. हलतो तो जबड्याचा सांधा. तो बिघडला की चावताना दुखते, कटकट आवाज येतो, तोंड कमी उघडते. पण असा त्रास इतर कारणांनीही होतो :

१) खर्रा-सुपारी : गालाची आतली कातडी पांढुरकी व ताठ होते, तिखट झोंबते, आत दोरीसारखे पट्टे लागतात. यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. नुसती सुपारीही कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००३ साली जाहीर केले आहे.

२) अक्कलदाढ : अडकून पिकली की जबडा आवळतो.

३) धनुर्वात : कोयता वा खिळा लागल्यावर काही दिवसांनी जबडा आवळला, तर फोटोची वाट पाहू नका, तडक दवाखाना गाठा.

४) हृदयविकार : चालताना वा ओझे उचलताना जबडा दुखतो, घाम येतो. इथेही उशीर नको.

आता फोटोविषयी. पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत सर्व दात, अक्कलदाढ व मोडलेले हाड एकाच वेळी दिसते. सीटी स्कॅनमध्ये हाड बारकाईने कळते. सांध्यातली मऊ चकती मात्र एमआरआयमध्येच नीट दिसते. खर्ऱ्याचा रोग एक्स-रेत येत नाही. म्हणून 'फोटो चांगला आला' एवढ्यावर थांबू नका. डॉक्टर तोंडात पाहून, बोटाने चाचपून व गरज पडल्यास तुकडा तपासून तो ओळखतात.

आपल्या त्या सभासदांचा सांधा ठणठणीत निघाला, रोग खर्ऱ्याचाच होता. ताठ झालेली कातडी पूर्वीसारखी होणे कठीण. पण त्यांनी खर्रा सोडला, व्यायाम व औषध चालू आहे.

आजच आरशापुढे उभे राहा. आपली तीन बोटे उभी तोंडात जातात का पाहा. जात नसतील तर गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय गाठा. प्लॉट वेळेवर पाहता, तसे तोंडही पाहा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी