विश्लेषण : उत्तेजित अणू किती वेळ टिकतो आणि ते मोजतात कसे?

तारापूर अणुऊर्जा केंद्रातील पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या. सरावली-बोईसर परिसरातील दोन पिढ्या त्यांच्या शेजारी वाढल्या. या दोन अणुभट्ट्यांना समृद्ध युरेनियम लागते, कारण नैसर्गिक युरेनियममध्ये युरेनियम-२३५ जेमतेम ०.७ टक्के असते. हे प्रमाण वाढवण्याची एक पद्धत लेसरची आहे. तिचे सारे गणित एका प्रश्नावर उभे आहे : ऊर्जा मिळालेला अणू त्याच स्थितीत किती वेळ थांबतो?

या प्रश्नाला एवढे महत्त्व का?

प्रकाश शोषला की अणूतील इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो आणि थोड्या वेळाने आपोआप खाली येतो. हायड्रोजनच्या पहिल्या उत्तेजित पातळीपैकी एका अवस्थेत हा वेळ अवघा १.६ नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या दीडपट असतो. युरेनियममधून इलेक्ट्रॉन पूर्ण बाहेर काढायला ६.१९ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. ती सहसा तीन लेसर वापरून टप्प्याटप्प्याने देतात. २३५ आणि २३८ या समस्थानिकांनी शोषलेल्या प्रकाशाच्या रंगात किंचित फरक असल्याने हवा तोच अणू निवडता येतो. मात्र पुढचा लेसर उशिरा आला तर अणू खाली उतरलेला असतो आणि पहिल्या लेसरची ऊर्जा वाया जाते. विरारला डहाणू लोकल चुकल्यावर काय होते, हे बोईसरकरांना सांगायला नको!

मोजणी कशी होते?

घड्याळ लावून एका अणूवर नजर ठेवता येत नाही. निर्वात पेटीत अणूंच्या वाफेवर पहिल्या लेसरचा झोत टाकतात. ठरावीक वेळ थांबून दुसरा झोत सोडतात. त्या क्षणी वरच्या पातळीत उरलेल्या अणूंतून तो इलेक्ट्रॉन काढून घेतो. तयार झालेले आयन मोजायचे, मधला वेळ थोडा वाढवायचा आणि हेच हजारो वेळा करायचे. आयनांची संख्या ३७ टक्क्यांवर येते, तो वेळ म्हणजे त्या पातळीचे ‘आयुष्य’. भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी याच पद्धतीने युरेनियमच्या उत्तेजित पातळ्यांची आयुष्ये मोजून प्रसिद्ध केली आहेत.

फार वरच्या पातळ्यांचे काय?

खरी गंमत इथे आहे. इलेक्ट्रॉन पन्नासाव्या पातळीच्या आसपास पोहोचला की त्या अणूला रिडबर्ग अणू म्हणतात. पातळीचा क्रमांक दुप्पट झाला की आयुष्य साधारण आठपट होते. रुबिडियमचा असा अणू शंभरहून अधिक मायक्रोसेकंद टिकायला हवा. पण तेवढ्या वेळात गरम वाफेतला अणू तीनेक सेंटीमीटर पुढे निघून जातो. तो खाली उतरला की झोताबाहेर गेला, हे आकड्यावरून कळत नाही. म्हणून आधी लेसरनेच अणू गार करून त्यांचा वेग सेकंदाला काही सेंटीमीटरवर आणतात.

शोधण्यासाठी मग दुसऱ्या लेसरचीही गरज उरत नाही. इलेक्ट्रॉन इतका सैल असतो की दर सेंटीमीटरला सुमारे ५० व्होल्टचे विद्युत क्षेत्र त्याला ओढून काढते.

तरीही उत्तर अपेक्षेच्या जवळपास निम्मेच येते. याला कारण खोलीची ऊब. पेटीच्या भिंतींतून निघणारे उष्णतेचे प्रारण इलेक्ट्रॉनला शेजारच्या पातळीत ढकलते. पन्नासवरून एकावन्नवर गेलेला अणूही त्याच विद्युत क्षेत्रात फुटतो आणि मोजणीत घुसतो, त्यामुळे आकडा फसवा ठरू शकतो. यावर उपाय म्हणजे क्षेत्र हळूहळू वाढवायचे : वेगवेगळ्या पातळ्यांचे इलेक्ट्रॉन वेगवेगळ्या व्होल्टला बाहेर पडतात.

रिडबर्ग अणूंवर चालणाऱ्या क्वांटम संगणकांत आकडेमोड हे आयुष्य संपण्याआधी उरकावी लागते. भारताच्या ६,००३ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, त्यात असे संगणकही येतात. मोहिमेतील संवेदक व मापनाचे केंद्र पवईच्या आयआयटीत आहे. परदेशातील काही प्रयोगशाळा तर आता अणूंबरोबर पेटीच्या भिंतीही उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत गार करू लागल्या आहेत.