सहावी संख्या

आजच्या व्याख्यानासाठी मी एकच संख्या निवडली आहे : ४,२९,४९,६७,२९७. २ च्या ३२ व्या घातात १ मिळवला असता ती येते. उदाहरणे कितीही अनुकूल असली तरी ती सिद्धतेची जागा घेऊ शकत नाहीत, हा धडा या संख्येने गणितज्ञांना दिला.

फ्रान्समधील तुलूझ येथे न्यायदानाचे काम करणारे पिअर द फर्मा यांनी १६४० मध्ये एक अनुमान मांडले. घातांक १, २, ४, ८ असा दुप्पट करीत जावा आणि २ च्या त्या त्या घातात १ मिळवावा. येणारी प्रत्येक संख्या मूळ असेल, म्हणजेच १ व ती स्वतः यांखेरीज तिला अवयव नसतील. पहिल्या पाच संख्या ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या खरोखरच मूळ आहेत. सहावी आपली. तिचे वर्गमूळ ६५,५३६ हून किंचित मोठे असून तेथपर्यंत ६,५४२ मूळ संख्या आहेत. इतके भागाकार हाताने करणे म्हणजे केवढे कष्ट !

१७३२ मध्ये पंचवीस वर्षांच्या लिओनार्ड ऑयलर यांनी या संख्येला ६४१ ने निःशेष भाग जातो, असे दाखवून दिले, भागाकार ६७,००,४१७. त्यामागील तत्त्व पुढे त्यांनीच विशद केले. या संख्येच्या कोणत्याही मूळ अवयवास ६४ ने भागल्यास बाकी १ उरलीच पाहिजे. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. म्हणजे पाचव्याच भागाकाराला निकाल लागतो ! विशेष हे की, ही अट ज्या प्रमेयातून निघते ते खुद्द फर्मा यांचेच होय.

प्रत्यक्ष भागाकार न करताही हे पटवून घेता येते. २ च्या २८ व्या घाताला 'क' म्हणू. ६४१ म्हणजे ६२५ + १६. म्हणून ६२५क + १६क या बेरजेला ६४१ ने भाग जातो. आता ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा ७ वा घात. त्यामुळे ६४० चा चौथा घात बरोबर ६२५क. त्यातून १ वजा केल्यास उरणाऱ्या संख्येलाही ६४० + १ ने, म्हणजे ६४१ ने भाग जातो. पहिल्या राशीतून दुसरी वजा करा; उरते १६क + १. हीच आपली संख्या.

फर्मांच्या मालिकेत पुढील ज्या ज्या संख्यांचा निर्णय लागला, त्या सर्व संयुक्तच ठरल्या आहेत. तेव्हा 'यापुढे मूळ संख्या नाहीच' असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु तेही आजवर कोणी सिद्ध केलेले नाही. पाच उदाहरणांवर विसंबून फर्मा फसले. अधिक उदाहरणे हाती आहेत म्हणून आपण निर्धास्त व्हावे, असे नाही.