कॉलममधलं भरण: गाळणी नव्हे, भेटीची जागा

न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून स्वतःपुरती दारू घरी गाळायला कायद्याची मुभा आहे. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय ती गाळणं १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार गुन्हा आहे.) न्यूझीलंडमधले हौशी लोक उकळत्या भांड्यावर स्टीलची उभी नळी, म्हणजे कॉलम, बसवतात आणि ती कशानं तरी भरतात: भांडी घासायच्या स्टीलच्या घासण्या, तांब्याची जाळी, चिनीमातीच्या कड्या, काचेच्या गोट्या. या भरणाबद्दल जितके समज तितके गैरसमज आहेत.

त्यातला सर्वांत मोठा म्हणजे भरण वाफ गाळून तिच्यातली घाण अडवतं, हा. भरण काहीच गाळत नाही. वर चढणारी वाफ आणि थंड होऊन खाली ओघळणारा द्रव यांना ते एकमेकांशी भिडायला ओली जागा देतं. त्या भेटीत वाफेतलं पाणी थोडं थोडं द्रवात उतरतं, द्रवातलं अल्कोहोल वाफेत जातं, आणि हे नळीभर पुन्हा पुन्हा घडतं. म्हणूनच वरून द्रव परतवला नाही, ज्याला रिफ्लक्स म्हणतात तो नसला, तर महागडं भरणही जवळपास निकामी ठरतं.

दुसरा समज: जितकं बारीक आणि दाबून भरावं तितकं उत्तम. इथे साधा हिशेब करून पाहावा. ५० मिलिमीटर व्यासाच्या नळीच्या अर्ध्या मीटरमध्ये जेमतेम एक लिटर जागा असते. त्यात २०० ग्रॅम स्टीलच्या घासण्या सैल भरल्या, तर धातू फक्त २५ मिलिलिटर जागा घेतो. साडेसत्त्याण्णव टक्के वाट मोकळी राहते. त्याच नळीत गोट्या ओतल्या की निम्म्याहून जास्त जागा काचच अडवते. गोट्यांचा एकूण पृष्ठभाग कागदावर वाईट दिसत नाही, पण वाफेला वाटच उरत नाही. आच थोडी वाढली की वर जाणारी वाफ खाली येणाऱ्या द्रवाला उतरू देत नाही, द्रव नळीत तुंबतो आणि कॉलम गुडगुडू लागतो. याला फ्लडिंग म्हणतात. भरण ठासून कोंबलेलं असेल तर खालच्या भांड्यात दाब वाढतो, आणि अल्कोहोलची वाफ ज्वालाग्राही असल्यामुळे तो प्रकार जिवावर बेतू शकतो.

फार मोठे तुकडेही चालत नाहीत. द्रव भिंतीकडे सरकतो आणि वाफ मधूनच निसटते. नळीचा व्यास तुकड्याच्या किमान आठ-दहा पट असावा, असा कारखान्यांतला जुना ठोकताळा आहे. लुडविग्सहाफेनच्या फ्रिट्झ राशिगनं १९१४ मध्ये पेटंट घेतलेली कडी वाट मोकळी ठेवण्याच्या विचारातून आली: उंचीइतकाच व्यास, आतून पोकळ. त्याआधी कारखान्यांत कोक आणि दगडांचे तुकडे ओतत.

आता तांबं. तांब्यानं दारू कडक होते, असं ठामपणे सांगितलं जातं. गोव्यातल्या काजू फेणीचं भाण, म्हणजे गाळायचं भांडं, बहुधा तांब्याचंच असतं, त्यात भरण नसतं, आणि फेणी साधारण ४२ टक्क्यांच्या आसपासच राहते. तीव्रता भरणाच्या आकारातून आणि रिफ्लक्समधून येते, धातूतून नाही. तांब्याचं खरं काम वेगळं आहे: यीस्टनं तयार केलेल्या, सडक्या अंड्यासारखा वास देणाऱ्या गंधकाच्या संयुगांना ते पकडून ठेवतं. या कामात जाळी काळी पडते, आणि काळी पडलेली जाळी सायट्रिक आम्लात धुतल्याशिवाय पुन्हा नीट काम करत नाही.

नळी कितीही उंच केली आणि भरण कितीही उत्तम घातलं, तरी शंभर टक्के अल्कोहोल मिळत नाही. वजनानं ९५.६ टक्क्यांवर वाफेतलं आणि द्रवातलं प्रमाण सारखंच होतं, आणि पुढचं पाणी अशा उकळण्यानं सुटत नाही.

सर्वांत धोकादायक समज मिथेनॉलचा. ते ६४.७ अंशांना उकळतं आणि इथेनॉल ७८.३ ला, म्हणून चांगला कॉलम विष आधीच वेगळं काढतो, असं मानलं जातं. चांगलं भरण आणि भरपूर रिफ्लक्स असेल तर बरंचसं मिथेनॉल आधी वर येतं, सगळं नाही. आणि मागे किती उरलं ते चवीवरून कळत नाही. साखरेच्या आंबवणात ते नगण्य असतं, फळांतल्या पेक्टिनमुळे थोडं येतं. मुंबईतल्या मालवणीत २०१५ मध्ये विषारी दारूनं शंभरहून अधिक माणसं गेली, ती मात्र गाळण्यातल्या चुकीनं नाही. तिथल्या दारूत औद्योगिक मिथेनॉल मिसळलेलं होतं.