थांबलेल्या फंक्शनला निरोप द्यायचा कसा?

आज्ञावलीतील ‘जनरेटर’ केवळ माहिती देत नाही, घेतोही; मात्र पहिला निरोप हरवण्याचा धोका असतो

कोऱ्हाळे बुद्रुक (ता. बारामती) : नीरा डाव्या कालव्याचे आवर्तन सुटले, की बारामती तालुक्याच्या या भागात पाळीपत्रकाकडे सर्वांचे लक्ष लागते. पाणी एकाच वेळी सर्वांच्या शेतात जात नाही. शेजपाळीने, एकामागून एक शेतकऱ्याची पाळी येते. पाटकरी एक दार बंद करून पुढचे उघडतो, तेव्हा तो हिशेब पहिल्यापासून मांडत नाही. जेथे थांबला होता तेथूनच पुढे नेतो. पायथन, जावास्क्रिप्ट यांसारख्या संगणकीय भाषांत अगदी असेच वागणारे एक साधन आहे. त्याला ‘जनरेटर’ म्हणतात. भारनियमनाच्या काळात घरोघरी परिचयाच्या झालेल्या जनरेटरशी त्याचा नावापुरताच संबंध आहे.

संगणक अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना जनरेटरकडून एकेक संख्या बाहेर काढणे सहसा जमते. बाहेरून आत एखादे मूल्य पाठवायची वेळ आली, की मात्र अनेकांचा गोंधळ उडतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने २०१९ च्या अभ्यासक्रमात प्रथम वर्ष अभियांत्रिकीसाठी पायथन भाषा आणली आणि ग्रामीण भागातील विद्यार्थीही मोठ्या संख्येने या भाषेकडे वळले. त्यामुळे हा गोंधळ नेमका कोठे होतो, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

थांबणारे फंक्शन

आज्ञावलीतील एखादे ठरावीक काम करणाऱ्या तुकड्याला ‘फंक्शन’ म्हणतात. साध्या फंक्शनला हाक मारली, की ते काम पूर्ण करते, उत्तर देते आणि आपल्याजवळचे सगळे विसरून जाते. पुन्हा हाक मारली, तर काम पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू होते.

जनरेटरचे तसे नाही. त्याच्या आत ‘यील्ड’ हा शब्द असतो. तेथे पोहोचले, की फंक्शन एक मूल्य बाहेर देते आणि त्याच जागी थांबते. आतला हिशेब जसाच्या तसा राहतो. बाहेरून ‘नेक्स्ट’ म्हटले, की ते त्याच ठिकाणाहून पुढे चालू लागते. एक बाब येथे लक्षात ठेवायला हवी. जनरेटर फंक्शनला नुसती हाक मारल्याने त्यातील एकही ओळ चालत नाही. पाळीपत्रक तयार होते, पण दार अजून उघडलेले नसते. पहिल्या ‘नेक्स्ट’नंतरच काम सुरू होते.

दुहेरी वाट

आतापर्यंतचा व्यवहार एकेरी झाला. जनरेटर देतो, आपण घेतो. पण पाटकऱ्याला शेतकऱ्याची मागणी कळल्याशिवाय शिल्लक पाण्याचा हिशेब कसा होणार? त्यासाठी आत निरोप पाठवण्याची सोय हवी. पायथनमध्ये ती ‘सेंड’ या सूचनेने होते. जावास्क्रिप्टमध्ये ‘नेक्स्ट’च्याच कंसात मूल्य लिहून ते आत पाठवता येते.

समजा, एका चारीला ६० तासांचे पाणी मंजूर आहे. फंक्शनच्या सुरुवातीला ‘शिल्लक’ ६० ठेवली. त्यानंतर शिल्लक शून्याहून अधिक असेपर्यंत पुढील दोन ओळी पुन्हा पुन्हा चालवायच्या :

मागणी = यील्ड शिल्लक
शिल्लक = शिल्लक – मागणी

प्रत्यक्षात ‘यील्ड’ हा शब्द रोमन लिपीतच लिहावा लागतो. ‘मागणी’ आणि ‘शिल्लक’ ही नावे मात्र २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ पासून देवनागरीतही देता येतात. जावास्क्रिप्टलाही ती चालतात.

सारे मर्म पहिल्या ओळीत आहे. ती एकच ओळ दिसत असली, तरी एका दमात पूर्ण होत नाही. आधी ‘यील्ड’च्या उजवीकडील शिल्लक बाहेर जाते. मग फंक्शन थांबते. बाहेरून निरोप आला, की तो डावीकडील ‘मागणी’त पडतो आणि पुढची ओळ चालू होते. म्हणजे ओळीचा उजवा अर्धा भाग एका हाकेत आणि डावा अर्धा भाग त्यापुढच्या हाकेत पूर्ण होतो.

आता हिशेब पाहू. पहिल्या ‘नेक्स्ट’ला उत्तर येते ६०. पहिल्या शेतकऱ्यासाठी ८ तास ‘सेंड’ केले, की ते थांबलेल्या ‘यील्ड’पाशी पोहोचतात, वजाबाकी होते, फंक्शन फिरून पुन्हा ‘यील्ड’पाशी येते आणि ५२ हे उत्तर देऊन थांबते. पुढे १२ पाठवले, की ४० मिळतात. पाठवलेले मूल्य फंक्शन आधी ज्या जागी थांबले होते त्या जागेला मिळते. परत येणारे उत्तर मात्र ते पुढे जेथे थांबेल तेथून येते. हा फरक ध्यानात आला, की जनरेटरचे बहुतेक कोडे सुटते.

पहिला निरोप कोठे जातो?

यावरून एक प्रश्न उभा राहतो. पहिल्याच हाकेबरोबर ८ तासांची मागणी पाठवली तर? तेव्हा फंक्शन कोठेच थांबलेले नसते. निरोप घ्यायला दारावर कोणी उभेच नसते.

या प्रसंगी दोन भाषांचे वागणे वेगळे आहे. पायथन सरळ नकार देते. नुकत्याच तयार झालेल्या जनरेटरला मूल्य पाठवता येणार नाही, अशी त्रुटी दाखवून काम थांबवते. म्हणून पायथनमध्ये आधी एक रिकामे ‘नेक्स्ट’ देऊन जनरेटरला पहिल्या ‘यील्ड’पर्यंत आणावे लागते. जावास्क्रिप्ट मात्र काहीही न बोलता ते मूल्य टाकून देते आणि ६० हे उत्तर परत करते. त्यानंतर दुसऱ्या शेतकऱ्याचे १२ तास पाठवले, की शिल्लक ४८ दिसते. खरी शिल्लक ४० असायला हवी. पाळी संपत येते तेव्हा शेवटच्या शेतकऱ्याच्या नावावर कागदोपत्री ८ तास उरतात. चारीत पाणी नसते. त्रुटीचा संदेश कोठेही आलेला नसतो, त्यामुळे चूक शोधायची कोठे, हेही कळत नाही.

दुसरी अडचण मध्येच येते. एखाद्याने नुसती शिल्लक विचारण्यासाठी रिकामे ‘नेक्स्ट’ दिले, तर जनरेटर त्यालाही मागणीच समजतो. पायथनमध्ये अशा वेळी आत ‘नन’, म्हणजे ‘काहीच नाही’, हे मूल्य पोहोचते. संख्येतून ते वजा करता येत नाही; त्रुटी येते आणि जनरेटर कायमचा बंद होतो. जावास्क्रिप्टमध्ये वजाबाकीचे उत्तर ‘संख्या नाही’ असे निघते. ते शून्याहून अधिक नसल्याने आवर्तनाची अट तुटते आणि पाणी शिल्लक असतानाच हिशेब गुपचूप संपतो. उपाय सोपा आहे. मूल्य आले आहे की नाही, हे वजाबाकीपूर्वी एका ओळीने तपासावे. ते आले नसेल, तर शिल्लक तशीच ठेवावी.

कल्पना जुनी, सोय नवी

मध्येच थांबून एकमेकांना काम सोपवणाऱ्या आज्ञावलीची कल्पना सहा दशकांहून जुनी आहे. अमेरिकी संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९५८ मध्ये तिला ‘कोरूटीन’ हे नाव दिले. सत्तरच्या दशकात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये बार्बरा लिस्कोव्ह व सहकाऱ्यांनी घडवलेल्या ‘क्लू’ भाषेत ‘यील्ड’ची योजना होती. पायथनमध्ये जनरेटर २००१ च्या अखेरीस आवृत्ती २.२ बरोबर आले, पण तेव्हा ते एकेरीच होते. मूल्य आत पाठवणारे ‘सेंड’ २००६ मध्ये आवृत्ती २.५ मध्ये दाखल झाले. भाषेचे जनक गिडो व्हान रॉसम आणि फिलिप एबी यांनी तो प्रस्ताव मांडला होता. त्याच प्रस्तावाने जनरेटर वेळेआधी बंद करण्यासाठी ‘क्लोज’ आणि थांबलेल्या जागी त्रुटीची सूचना पोहोचवण्यासाठी ‘थ्रो’ या सोयीही दिल्या. २०१३ मध्ये पीएचपीने आणि २०१५ मध्ये जावास्क्रिप्टने अशीच दुहेरी वाट स्वीकारली. सी शार्प भाषेतील ‘यील्ड’ मात्र एकेरीच राहिले. बाहेर देणे आणि आत घेणे या दोन वेगळ्या सोयी आहेत, हे त्यावरून स्पष्ट होते.

उपयोग कोठे?

एकेक करून येणाऱ्या माहितीचा चालू हिशेब ठेवणे, हा याचा नैसर्गिक उपयोग. साखर कारखान्याच्या काट्यावर येणाऱ्या उसाच्या गाड्यांची बेरीज असो, की शेतातील संवेदकाने ठरावीक वेळाने कळवलेला मातीचा ओलावा असो, सर्व नोंदी साठवून न ठेवता प्रत्येक नव्या नोंदीसरशी सरासरी मिळू शकते. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या साह्याने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग हाती घेतल्यापासून संवेदक हा शब्द या परिसराला परका राहिलेला नाही.

दुसरा उपयोग अधिक दूरगामी ठरला. ‘मला अमुक माहिती हवी’ असे ‘यील्ड’मधून सांगून फंक्शनने थांबायचे, बाहेरच्या आज्ञावलीने ती माहिती इंटरनेटवरून आणून आत पाठवायची आणि तोवर संगणकाने इतर कामे उरकायची, अशी रचना यातून शक्य झाली. आज पायथन आणि जावास्क्रिप्टमध्ये सर्रास वापरली जाणारी ‘असिंक-अवेट’ पद्धत याच विचारावर उभी आहे. पायथनमध्ये ती २०१५ मध्ये, तर जावास्क्रिप्टमध्ये २०१७ मध्ये आली. संकेतस्थळांच्या आज्ञावलीत वापरले जाणारे ‘रिडक्स-सागा’ हे साधन तर आजही थेट जनरेटरमध्ये मूल्ये पाठवूनच चालते.

हे लक्षात ठेवा

- जनरेटर तयार करणे आणि सुरू करणे या दोन स्वतंत्र पायऱ्या आहेत.
- पहिली हाक फक्त पहिल्या ‘यील्ड’पर्यंत नेण्यासाठी असते, तिच्याबरोबर मूल्य पाठवू नये.
- पाठवलेले मूल्य आधी थांबलेल्या ‘यील्ड’ला मिळते, उत्तर त्यानंतरच्या ‘यील्ड’कडून येते.
- रिकामी हाक येऊ शकते, हे गृहीत धरून आलेले मूल्य आधी तपासावे.
- एकाच फंक्शनपासून केलेल्या दोन जनरेटरांचा हिशेब वेगवेगळा असतो. एका चारीची मागणी दुसरीच्या खात्यातून वजा होत नाही.

शंका राहिल्यास वरील दोन ओळींचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. प्रत्येक हाकेसमोर ‘आत काय गेले’, ‘कोठे थांबले’ आणि ‘बाहेर काय आले’ असे तीन रकाने आखावेत. पहिल्या हाकेसमोरचा पहिला रकाना रिकामाच राहायला हवा.