‘मुंगी चावल्यासारखं होईल’

‘मुंगी चावल्यासारखं होईल, बस्स.’ सुई टोचण्याआधी हे वाक्य ऐकलं नाही असा मराठी माणूस शोधून सापडायचा नाही. सिस्टर ते प्रेमानेच म्हणतात. आपण डोळे घट्ट मिटून मुंगीची वाट बघतो आणि येतो तो चांगला डोंगळा.

बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधल्या भूलतज्ज्ञांनी जवळपास हेच वाक्य तपासायला घेतलं. त्यांच्याकडे मुंगीऐवजी मधमाशी होती, एवढाच फरक. पाठीच्या कण्यात भूल द्यायची होती अशा, दिवस भरलेल्या 140 गर्भवती त्यांनी घेतल्या. कण्यातल्या मोठ्या सुईआधी वरची कातडी बधिर करायला एक लहान सुई टोचतात. ती टोचताना काही जणींना सांगितलं, की आता मोठी मधमाशी डसल्यासारखं होईल, सगळ्यात त्रासाचं काय ते एवढंच. बाकीच्यांना सांगितलं, की जागा बधिर करायचं औषध देतोय, म्हणजे पुढचं सगळं करताना तुम्हाला आराम वाटेल. सुई तीच, औषध तेच. मग 0 ते 10 मध्ये दुखण्याचा आकडा विचारला. मधमाशीवाल्यांचा मधला आकडा 5 आला, दुसऱ्या गटाचा 3. हा अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला.

यातलं दुसरं वाक्य थाप नाही, हे मला फार आवडतं. ‘अजिबात दुखणार नाही’ असं कुणीच म्हटलेलं नाही. औषध कशासाठी आहे तेवढंच सांगितलं आणि तेही खरं सांगितलं.

मनाचे खेळ, असं म्हणून इथे विषय संपवता आला असता. पण इटलीतल्या तुरीनच्या फाब्रिझिओ बेनेदेत्ती यांना हे मनाचे खेळ शरीरात नेमके कुठे चालतात ते बघायचं होतं. शस्त्रक्रियेनंतर थोडंफार दुखत असलेल्या रुग्णांना त्यांच्या गटाने ज्यात काहीच औषध नाही असं द्रावण दिलं आणि सांगितलं, याने दुखणं वाढेल. ते वाढलं. मग त्यांनी प्रोग्लुमाइड नावाचं औषध वापरून पाहिलं. जेवल्यावर पित्ताशयाला आकुंचन पावायला लावणारं कोलेसिस्टोकायनिन नावाचं एक रसायन आपल्या आतड्यात असतं. तेच मेंदूतही असतं आणि तिथे ते भीतीशी आणि वेदनेशी निगडित आहे. प्रोग्लुमाइड या रसायनाला अडवतं. ते दिलं तेव्हा तीच धास्तीची सूचना देऊनही दुखणं वाढलं नाही. म्हणजे एका वाक्याने वाढवलेली वेदना इंजेक्शनने रोखता आली! 1997 सालचं हे काम आहे आणि ते वाचताना मला अजूनही थांबून श्वास घ्यावा लागतो.

याची उलट बाजू तर रोज वॉर्डात घडते. उशापाशी सलाईनचा स्टँड. सिस्टर येतात, नळीचं टोपण उघडतात, सिरिंजमधलं वेदनाशामक हळूहळू आत ढकलतात आणि त्याच वेळी पलीकडच्या पलंगाजवळच्या नातेवाइकाला सांगत असतात की व्हिजिटिंगची वेळ संपली. पेशंटला कळतच नाही की आपल्याला काही दिलं. तुरीनलाच याचाही अभ्यास झाला. काहींना माणसाने उशाशी उभं राहून ‘हे दुखणं थांबवायचं औषध देतोय’ असं सांगून औषध दिलं. काहींना तेच औषध यंत्रातून न सांगता सोडलं. न सांगता दिलेलं औषध कमी पडलं. ‘काकू, हे दुखण्याचं इंजेक्शन देतेय हं, थोड्या वेळात आराम पडेल’ या वाक्याला पाच सेकंद लागत असतील. ते औषधाच्या चिठ्ठीवर कुठेही लिहिलेलं नसतं.

लाडाच्या बोलण्याचं काय? तिथे गंमत आहे. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठाच्या क्रिस्टीन विल्यम्स यांनी वृद्धाश्रमातल्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची शुश्रूषा चित्रित केली आणि मग ते चित्रण क्षणाक्षणाने तपासलं. म्हाताऱ्या माणसाशी लहान बाळासारखं लाडिक, वर चढवलेल्या आवाजात बोललं, की रुग्ण हात झटकण्याची, ओरडण्याची, अंघोळीला नकार देण्याची शक्यता 55 टक्के निघाली. मोठ्या माणसाशी बोलतात तसं साधं बोललं, तर 26 टक्के. रुग्ण मोजके होते, पण फरक दुपटीचा. ज्या बाईला स्वतःचं नाव धड आठवत नाही, तिलाही आपल्याला बाळ समजलं जातंय हे कळतं.

आता हे जसंच्या तसं आपल्याकडे आणायला गेलो तर अडकायला होतं. आपण आजीला ‘अगं आजी’च म्हणतो. त्या ‘अगं’मध्ये अपमान नसतो. पण नातवाचं ‘तू’ वेगळं आणि कालच ओळख झालेल्या, वयाने पन्नास वर्षांनी लहान असलेल्या सिस्टरचं ‘तू’ वेगळं. एखाद्या आजी त्याने सुखावतात. दुसऱ्या, ज्यांनी सबंध आयुष्य शाळेत शिकवण्यात घालवलं आणि ज्यांना गावात सगळे ‘बाई’ म्हणतात, त्या तोंड फिरवून गोळी थुंकतात. पहिल्या दिवशी ‘तुम्हाला काय म्हणू?’ एवढं विचारून घेणं, हाच त्यातला बरा मार्ग दिसतो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी यातलं बरंच काही प्रयोगशाळेविना हेरलं होतं. 1859 साली निघालेल्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये त्या बजावतात, की आजाऱ्याशी पाठीमागून किंवा दारातून बोलू नका. त्याला मान वळवावी न लागता दिसाल असे समोर बसा. खोलीत कुजबुजू नका, कारण कुजबुज ऐकू यावी म्हणून तो कान टवकारून थकतो. राउंडला पलंगाशी उभं राहून हलक्या आवाजात इंग्रजीत बोलणाऱ्यांना हे कुणीतरी वाचून दाखवायला हवं.

एक गाठ मात्र सहज सुटणारी नाही. ऑस्ट्रेलियात सिझेरियन झालेल्या काही बायकांना ‘दुखतंय का?’ असं विचारलं, तर काहींना ‘आराम वाटतोय का?’ असं. 2013 साली आलेल्या या अभ्यासात आरामाबद्दल विचारलेल्या बायकांना पोटातली तीच जाणीव कमी त्रासाची वाटली. ती बरं होत असल्याची खूण आहे, असंही त्या जास्त म्हणाल्या. म्हणजे दुखण्याची चौकशीच दुखणं जागं करते म्हणायचं! पण मग ‘दुखतंय का’ विचारायचं सोडून द्यायचं? आपल्याकडच्या बायका विचारूनही ‘नाही हो, ठीक आहे’ म्हणत सोसत राहतात. न विचारलं तर त्यांना इंजेक्शन मिळायचंच नाही. जुन्याजाणत्या सिस्टर आकडा विचारण्याआधी वेगळंच काही विचारतात: ‘कुशीवर वळता येतंय का? जरा खोकून दाखवा बघू.’ त्यावर मघाशी ‘ठीक आहे’ म्हणालेली बाई पोटावर हात दाबून म्हणते, ‘खोकायचं नाव काढू नका, सिस्टर.’ मग सिस्टर चार्ट बघून इंजेक्शन भरायला घेतात आणि भरताना ते कशाचं आहे तेही सांगतात.